तेशिदोच्या बसमधल्या दोन जागा

२५ ऑगस्ट

ही डायरी पशुखाद्याच्या दुकानदाराने जानेवारीत फुकट दिलेली. माझी बायको दोसिंदा त्यात रोज एक ओळ लिहायची. गाय कधी व्यायली, पाऊस झाला का, कोबी लावला का. अकरा मार्चची तिची शेवटची ओळ आहे, ‘करडी कोंबडी खुडूक बसली.’ पुढची सगळी पानं कोरी. चांगला कागद वाया जाऊ नये म्हणून लिहितोय, दुसरं काही कारण नाही.

आज सेल्सा आली होती. ही दोसिंदाची थोरली बहीण. बहीण गेल्यापासून आठवड्यातून दोनदा मला बघायला येते आणि मी जिवंत आहे याचा तिला दर वेळी थोडा राग येतो. दारातूनच म्हणाली, “तीनदा आली माझ्या स्वप्नात. अंगणात उभी असते, बूट हातात धरून. आत ये म्हटलं तर येत नाही.”

“मग बूट घाल म्हणावं,” मी म्हणालो.

“मस्करी नको, एलादिओ. तिला तेशिदोला जायचंय. नवस तिचा, पण राहिला तो तुझ्यामुळे. आठ सप्टेंबरला गावची बस निघतेय. तिला घेऊन यायचं.”

मी गप्प बसलो की या दोघी बहिणी तो होकार धरत आल्या आहेत. सेल्सा कपभर कॉफी पिऊन, माझ्या चुलीला नावं ठेवून गेली.

२८ ऑगस्ट

नवसाचं लिहून ठेवतो. सत्तावीस वर्षांपूर्वी मी निलगिरीच्या झाडावरून पडलो. तीन आठवडे फेरोलच्या इस्पितळात होतो, आणि डॉक्टर माझ्याऐवजी दोसिंदाशी बोलायचे, यावरून काय ते समजावं. तिने तेशिदोच्या संत आंद्रेसला सांगितलं, हा उठला की आम्ही दोघं येऊ. मी उठलो. मग गवत कापायचं आलं, मग बटाटे, मग डुक्कर मारायचे दिवस. पुढच्या वर्षी गाय अडली होती. दर ऑगस्टमध्ये ती विचारायची आणि माझ्याकडे दर वेळी खरंखुरं कारण असायचं. एके वर्षी तिने विचारलं नाही. मला बरं वाटलं, विसरली म्हणून.

ती विसरली नव्हती. हे मला आज गोठा झाडताना कळलं, आणि तिथेच मी बराच वेळ झाडू धरून उभा राहिलो.

तेशिदोत आहे काय म्हणा. समुद्राच्या कड्यावर छोटंसं देऊळ, दहाबारा घरं आणि वारा. पुढे रस्ता नाही. आमच्याकडे मानतात की तिथे प्रत्येकाला एकदा जावंच लागतं. जिवंतपणी राहिलं तर मेल्यावर. घरच्या कुणी नेलं तर माणसासारखं, बसमध्ये बसून. कुणीच नेलं नाही तर सरडा किंवा बेडूक होऊन, सरपटत.

मी असलं काही मानत नाही. पण दोसिंदा सरपटत डोंगर चढतेय असं डोळ्यांपुढे आणून पाहिलं. तिचे गुडघे दुखायचे.

१ सप्टेंबर

आज मोठा गाढवपणा झाला.

मेलेल्याला न्यायचं तर आधी जाऊन आमंत्रण द्यावं लागतं. बोटांच्या पेरांनी कबरीवर तीनदा ठोकायचं, दिवस सांगायचा, वेळ सांगायची. आमच्या दफनभूमीत माणसं भिंतीतल्या कोनाड्यांत असतात, एकावर एक चार ओळी. दोसिंदा खालून दुसऱ्या ओळीत. तिच्या उजव्या हाताला आमारो. माझ्या शेताला लागून त्याचं शेत, आणि मेल्यावर नेमका तिच्या शेजारी. जिवंत असताना बावीस वर्षं मी त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. दोन वर्षांपूर्वी गेला. पुरायला मी गेलो, पण मागे उभा राहिलो.

भर दुपारी गेलो, तेव्हा तिथे कुत्रंही नसतं. हात उचलला आणि पाद्र्याची कामवाली बादली घेऊन हजर. एकाहत्तर वर्षांचा माणूस भिंतीवर टकटक करताना दिसला तर काय वाटेल? मी बाजूला सरकून वाळलेली फुलं काढण्याचं नाटक केलं. ती नळाकडे वळली तशी घाईघाईने डोळे मिटले, कारण उघड्या डोळ्यांनी मला ते जमणार नव्हतं, आणि ठोकलं. म्हणालो, “आठ तारखेला, सकाळी सातला. बस देवळापाशी असेल. उशीर नको.”

डोळे उघडले तर समोर आमारोचं नाव.

२ सप्टेंबर

सेल्साला सांगितलं. आधी ॲप्रनमध्ये तोंड खुपसून हसली. मग एकदम गंभीर झाली.

“आता त्याला न्यावं लागेल.”

“मी त्याला बोलावलंच नाही. चुकून झालं.”

“ते त्याला काय माहीत? मेलेल्याला बोलावलं म्हणजे बोलावलं. सातला येऊन उभा राहणार तो, टोपी घालून. आणि तू त्याच्या नाकासमोर बसचं दार लावणार?”

“आमारोबरोबर मी तेशिदोला जाऊ?”

“मग कोण जाणार, मी? मी ठोकलं होतं?” मग जरा हळू आवाजात म्हणाली, “त्याला होतं तरी कोण, एलादिओ. बायको नाही, पोर नाही. एक पुतण्या, तो ब्वेनोस आयरेसला. बिचारा बेडूक होऊनच जायचा. बरं झालं, म्हणते मी.”

बरं कुणाचं झालं, हे मी विचारलं नाही.

३ सप्टेंबर

बटाटे काढले. यंदा लहान आहेत.

४ सप्टेंबर

बसवाल्या फूकोकडे जागा सांगायला गेलो. “तीन,” मी म्हणालो.

“कोण कोण?”

“मी, दोसिंदा आणि आमारो.”

फूकोची पेन्सिल थांबली. “आमारो? बांधावरून ज्याच्याशी वाजलं होतं तो?”

“तोच. लिही.”

“लिहितो की. मला काय, माझ्या बसमध्ये जिवंत माणसंच जास्त भांडतात.” लिहिता लिहिता म्हणाला, “खिडकी कुणाला?”

याचा मी विचारच केला नव्हता. दोसिंदाला खिडकी, शेजारी मी, आणि आमारोला पलीकडच्या रांगेत, अशी वाटणी केली. मध्ये वाट राहील.

५ सप्टेंबर

झोप लागत नाही. ही डायरी कुणी वाचणार नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही.

बांध आमारोने कोरला नव्हता. आम्ही कोरला. माझा बाप आणि मी. बापाच्या शेवटच्या हिवाळ्यात एका सकाळी दाट धुकं होतं, तेव्हा पहारीने हद्दीचा दगड उपटला आणि आमारोच्या बाजूला तीन पावलं आत नेऊन बसवला. वर शेवाळही नीट लावलं. आठ दिवसांत आमारोच्या लक्षात आलं. टोपी हातात घेऊन माझ्या दाराशी आला आणि अगदी मऊपणे विचारलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मी रविवारी देवळातली मिस्सा सुटल्यावर सगळ्या गावासमोर शपथ घेतली की दगड हलला असेल तर तो आमारोनेच हलवला. लोकांना माझं पटलं, कारण आम्ही दोघं होतो आणि तो एकटा.

दगड हलवला त्या सकाळी मी घरी आलो तेव्हा दोसिंदाने पहारीवरची माती धुतली. काही विचारलं नाही. पण दर वर्षी गवत कापताना म्हणायची, “त्या पट्ट्यातलं गवत कडू आहे, गाय तोंड लावत नाही.” गाय खायची. मी स्वतः पाहिलंय.

आता तेशिदोपर्यंत दोन तास त्या माणसाच्या शेजारी बसायचं, मध्ये फक्त वाट.

६ सप्टेंबर

दगड जागेवर ठेवला. पहाटे गेलो, पहार घेऊन. या वयात जड जातं, कंबर धरली आहे. तिथे काटेरी झुडपं माजली आहेत, साफ करायची वेळ झालीच होती, त्यात हेही उरकलं. पुतण्याला पत्र टाकणार आहे. त्याला तो पट्टा कुठे आहे हेही माहीत नसेल, पण आपलं कळवलेलं बरं. याचा आणि परवाच्या बसचा काही संबंध नाही.

तिथून दफनभूमीत गेलो. या वेळी चष्मा लावून, डोळे उघडे ठेवून. ठोकलं. “दोसिंदा,” म्हणालो. तिला नावाने हाक मारून सहा महिने झाले होते. पुढे नुसतं “सात वाजता” एवढंच म्हणता आलं.

सेल्सा म्हणते, वाटेत सतत त्यांच्याशी बोलत राहायचं, नाहीतर मेलेले चुकतात. काय बोलायचं? चव्वेचाळीस वर्षं आमच्या घरात बोलण्याचं खातं तिच्याकडे होतं.

९ सप्टेंबर

काल परत आलो तेव्हा हातात पेन धरवेना. आज सगळं लिहितो.

सातला बस उभी होती. सगळं गाव बघतंय हे माहीत असून मी दारापाशी थांबलो आणि म्हणालो, “चढ, दोसिंदा.” मग पायरीवरून वळून, “ये, तूही ये.” फूकोने दार लावायला दोन माणसांना चढायला लागतो तेवढा वेळ घेतला. फूको तसा चांगला माणूस आहे.

सेल्सा मागच्याच रांगेत, माझं तोंड हलतंय की नाही यावर नजर ठेवून. थोडं अंतर गेलो आणि तिने माझ्या पाठीत मूठ मारली. “बोल! पहिल्याच वळणावर हरवायचीय का तिला?”

“आज ऊन पडेल,” मी खिडकीकडे बघून म्हणालो. मग काही सुचेना. माझ्या बायकोशी बोलायला मला हवेपलीकडे विषय नव्हता. मला इतकी लाज वाटली की मी तोंड फिरवलं, आणि पलीकडे आमारो होता.

आमारोशी मात्र सुरू झालं. ज्याच्याशी बावीस वर्षं मनातल्या मनात भांडलो त्याला सांगायला शब्द कसे कमी पडतील? “दगड जागेवर ठेवलाय. पाहिलास का? तुझ्या शेतात काटे माजलेत. पुतण्या येत नाही. चेस्टनटचं झाड मात्र तसंच आहे, मागच्या शरदात चांगलं लागलं, मी दोन टोपल्या उचलल्या, खोटं कशाला बोलू.” पुढच्या सीटवरची दोघं खुदखुदली. हसू देत. मी मेराच्या फाट्यापर्यंत त्याच्याशी बोलत होतो.

फाट्यावर एक म्हातारी हात करून उभी होती. ऐंशीच्या पुढची, काठी, पाठीशी गाठोडं. सणाच्या दिवशी अशा बाईला रस्त्यात सोडून कुणी पुढे जात नाही. फूकोने चढवलं तिला, पण जागा सगळ्या भरलेल्या. ती वाटेतून हळूहळू आली आणि आमच्यापाशी थांबली. रिकाम्या दिसणाऱ्या दोन जागांकडे पाहिलं, पण बसली नाही.

“ही कुणाची?”

“माझ्या बायकोची.”

“आणि ही?”

“शेजाऱ्याची.”

“बरं बरं,” म्हणाली आणि दांडा धरून उभी राहिली. बस वळणं घेत डोंगर चढत होती आणि ती काठीवर हेलकावत होती. आमारोला उठवावं असं माझ्या मनात आलं. माझी कंबर धरलेली, आणि मेलेल्या माणसाचे पाय काय दुखणार? “आमारो, ऊठ जरा” एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलंही. पण परवाच कुठे त्याचं त्याला परत केलं, आणि आज पुन्हा त्याची जागा घ्यायची? मी उठलो. “माझी घ्या,” म्हणालो.

ती बसली, गाठोडं पायांशी ठेवलं आणि विचारलं, “नाव काय?”

“एलादिओ.”

“तुमचं नाही हो. हिचं.”

“दोसिंदा.”

“काय गं दोसिंदा,” ती खिडकीकडे वळून म्हणाली, “तुझ्या नवऱ्याला उभं केलं बघ मी. चालेल ना? यांना अधूनमधून उभं केलेलं बरं असतं, पोरी.” आणि मग ती थांबलीच नाही. सुनेचं सूप कसं पाणचट असतं, मेराच्या नदीला यंदा किती पाणी आहे, आपण दर वर्षी स्वतःच्या पायांनी तेशिदोला कसं जातो, म्हणजे मागाहून कुणाच्या मानगुटीवर बसायला नको. समुद्र दिसला तेव्हा बोट करून म्हणाली, “तो बघ. आज शांत आहे, तुझ्यासाठीच.” दोसिंदाने समुद्र पाहिला असेल तीनदा फार तर. फेरोलला, माझ्यापायी, इस्पितळाच्या खिडकीतून.

“काय आवडायचं हिला?” म्हातारीने मान वर करून मला विचारलं.

मी दांडा धरून उभा. चव्वेचाळीस वर्षं एका घरात राहिलेल्या बाईबद्दल मला विचार करावा लागला. “कोंबड्या,” मी म्हणालो. मग जरा वेळाने, “सकाळची पहिली कॉफी दारात उभी राहून प्यायची. त्या वेळी कुणी काही बोललेलं चालायचं नाही.”

“बघ की. माहीत आहे तुम्हाला.”

मग आणखी आठवलं. कोबी चिरताना ती मधला दांडा स्वतः खायची. वीज कडाडली की गाईला जाऊन धीर द्यायची आणि स्वतः घाबरलेली असायची. मी इस्पितळातून आलो त्या दिवशी तिने माझे बूट तेल लावून दारात ठेवले होते. हे सगळं मी मोठ्याने सांगत होतो. सुरुवातीला म्हातारीला सांगत होतो. डोंगरमाथ्यावर पोचलो तेव्हा कुणाला सांगत होतो, नक्की सांगता येणार नाही. मागून सेल्साची मूठ आली नाही.

वर बस थांबते, खाली चालत जायचं. वाटेवर यात्रेकरूंनी एकेक टाकून रचलेल्या दगडांच्या ढिगावर मी तीन दगड टाकले, प्रत्येकाचा एक. पुढे कुणीतरी ओरडलं आणि सगळी रांग थांबली, एक काळा भुंगा वाट ओलांडत होता म्हणून. शंभर माणसं ताटकळली, पण त्याला कुणी घाई केली नाही.

मिस्सा झाली. गर्दी, मेणबत्त्या, ढकलाढकली. मग मी दोघांना देवळामागच्या कठड्यापाशी नेलं. त्याच्या पलीकडे जमीन नाही, खाली लाटा.

आमारोचं सोपं गेलं. “इथपर्यंत आणलं तुला,” म्हणालो. “पुढचं तुझं तू बघ. मी खोटी शपथ घेतली होती, सगळ्या गावासमोर. माफ कर.” वारा इतका होता की ते मलाही नीट ऐकू आलं नाही, पण बोललो.

दोसिंदाचं जमेना. तिला ‘इथे थांब’ एवढं सांगायचं आणि निघायचं, की झालं. मी कठड्यावर बसून राहिलो. मला तिला सोडायचं नव्हतं. हे आधी कळलंच नव्हतं मला. नवस राहिला होता तोवर ती कुठेतरी घराच्या आसपास होती, अंगणात, वाट बघत. सेल्साच्या स्वप्नात का होईना, येत होती. इथे सोडली की घरात खरोखरच कुणी नाही. ‘चल, घरी जाऊ’ म्हणालो असतो तर ती आली असती. नेहमीच यायची. आणि सेल्साला कळलंही नसतं.

वर फूकोने हॉर्न दिला. एकदा, मग दुसऱ्यांदा.

गवतासाठी थांबवलं तिला, बटाट्यांसाठी थांबवलं, डुकरासाठी, गाईसाठी. आता मला एकट्याने जेवायला नको वाटतं म्हणून थांबवायचं? मी उठलो. म्हणालो, “दोसिंदा, तू थांब. मी जातो.” चढ चढताना रडलो. सरळ लिहितो, रडलो, आणि मागे पाहिलं नाही.

बसमध्ये माझ्या जागेवर बसलो. सेल्साने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मागून आपला रुमाल पुढे केला. मेराची म्हातारी सगळ्यांच्या शेवटी चढली. वाटेतून काठी टेकत आली आणि माझ्यापाशी थांबली. खिडकीकडे तिने पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहत होती.

“बसू का?” तिने विचारलं.

“बसा,” मी म्हणालो. “रिकामी आहे.”

आणि उठून तिला आत जायला वाट दिली.